गोळ्या आलेल्या नाहीत

आधी सांगून टाकते, मी बरी झाले आहे. हे वाचणाऱ्या कुणाला कालपरवाच टीबी असल्याचं कळलं असेल आणि हातपाय गळाले असतील, तर त्यांनी एवढं वाक्य धरून ठेवावं. टीबी बरा होतो. माझा झाला.

पण तेवढं सांगण्यासाठी मी लिहायला बसले नाही. ते सांगणारे फलक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर आहेत. मी रागाने लिहिते आहे. आजार उतरला, वजन परत आलं, खोकला गेला, पण राग काही जात नाही. आता तो जावा असं मलाही वाटत नाही.

गाडीत

मी एसटीत कंडक्टर आहे. घर केडगावला. नगर–पारनेर, नगर–राळेगणसिद्धी अशा गाड्यांवर माझी बरीच वर्षं गेली. नवरा संजय एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर. मुलगी ऋतुजा पाचवीत. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो.

खोकला सुरू झाला तेव्हा मी तो धुळीवर ढकलला. पुणे रोडला कायम काहीतरी खणलेलं असतं, गाडीच्या खिडक्या नीट लागत नाहीत, त्यात दिवसभर ओरडून घसा बसलेला. चौकातल्या खाजगी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषधाची बाटली दिली. मग दुसरी दिली. मग इंजेक्शनं. दर वेळी म्हणायचे, "हवा बदललीय ना, सगळ्यांनाच आहे." हवा तीनदा बदलली, खोकला तसाच राहिला. युनिफॉर्म अंगावर लोंबायला लागला. संध्याकाळ झाली की बारीक ताप यायचा आणि पहाटे घामाने उशी भिजलेली असायची. थुंकी तपासून बघू असं त्या डॉक्टरांना एकदाही सुचलं नाही. माझ्या रागाचा पहिला हप्ता त्यांच्या नावावर.

एक दिवस पारनेरच्या गाडीत तिकीट फाडता फाडता ढास लागली. रुमाल तोंडाला लावला आणि काढला तर त्यावर रक्त. पुढच्या सीटवरच्या बाईने लगेच पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायले. बाटली परत देताना तिने हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे, ठेवा तुमालाच," म्हणाली आणि लेकराला घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. तिचं काही चुकलं नाही. पण मला जे झालंय ते मला तिच्या चेहऱ्यावर आधी दिसलं, रिपोर्टात नंतर.

निदानाचा दिवस

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, थुंकी दिली. दुसऱ्या दिवशी बोलावलं. संजयने सुट्टी टाकली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि आढेवेढे न घेता सांगितलं, "टीबी आहे. फुप्फुसाचा. सहा महिने औषध घ्यायचं, पूर्ण बरा होतो. औषध सरकारकडून फुकट."

संजयने विचारलं, "मॅडम, मुलगी आहे घरात."

"तिची तपासणी करू. तुमची आणि आईंचीही करू. सुरुवातीला काही दिवस ताईंनी मास्क लावायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या. घाबरू नका."

मग त्या माझ्याकडे वळल्या. बोट वर करून म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की करा. गोळी चुकवायची नाही. बरं वाटलं तरी नाही, मळमळलं तरी नाही, गावाला गेलात तरी नाही. मध्येच सोडलं तर जंतू औषधाला सरावतात. मग साध्या गोळ्यांना ते दाद देत नाहीत. मोठं औषध लागतं आणि ते फार जड जातं. कळलं?"

मी मान हलवली. "म्हणून दाखवा," त्या म्हणाल्या.

"गोळी चुकवायची नाही," मी म्हटलं. शाळेतल्या पोरीसारखं.

बाहेर आल्यावर संजय गाडीला किक मारायचंच विसरला. मग म्हणाला, "मोसंबी घेऊ का?" आणि आम्ही मोसंबी घेतली. त्या दिवशी आम्हा दोघांना सुचलेलं तेवढंच.

घरात

घरी आत्यांना सांगितलं. संध्याकाळी माझं ताट, तांब्या, पेला वेगळा मांडलेला दिसला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ताटाने काही होत नाही. मी ते आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय, पर आपलं बरं असतं."

खरी लढाई दुसऱ्याच गोष्टीवरून झाली. नणंदेच्या मुलीचं लग्न ठरत होतं. नणंद आली, दारातच उभी राहून म्हणाली, "वहिनी, कुणी विचारलं तर मणक्याचा त्रास म्हणा. घराण्यात टीबी कळला तर सोयरीक मोडंल माझी."

"मी काय चोरी केलीय का?" मी म्हटलं.

"चोरी केली असती तर बरं, चोरी विसरत्यात लोक."

संजय मधे पडला नाही. त्या रात्री आम्ही भांडलो. त्याचं म्हणणं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, सहा महिने मणका म्हणायला काय जातं? मी मणका म्हटलं. म्हणत राहिले. शेजारपाजारच्या बाया मला मणक्याची तेलं सुचवायच्या आणि मी खोकला दाबत ऐकून घ्यायचे.

गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या. पहिले काही आठवडे गोळ्या पोटात गेल्या की घर गरगरायचं. लघवी शेंदरी व्हायची. ते आधी सांगितलेलं असूनही पहिल्यांदा बघून मी किंचाळले होते. भाकरीचा वास नको व्हायचा. ऋतुजाला दुसऱ्या खोलीत झोपवलं होतं. सकाळी ती दाराच्या फटीतून विचारायची, "आई, खाल्ल्या का?" मी रिकामा हात उघडून दाखवायचे, मग ती शाळेला जायची. तिची तपासणी चांगली आली. तिला खबरदारीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि ती त्या माझ्या आधी गिळून मला चिडवायची.

महिना-दीड महिन्यात ताप थांबला. दोन महिन्यांनी थुंकीत जंतू दिसले नाहीत. गोळ्या बदलून कमी झाल्या. मास्क सुटला. आत्यांनी एक दिवस न बोलता माझं ताट सगळ्यांच्या ताटांत मांडलं. मी जेवले आणि भांडी घासताना रडले. वाटलं, उतरला डोंगर.

कलाबाई

गोळ्या आमच्या भागातल्या सरकारी केंद्रातून मिळायच्या. ठरावीक दिवशी जायचं, बाकावर बसायचं, नाव पुकारलं की खिडकीवर जाऊन पाकिटं घ्यायची. तिथेच कलाबाई भेटल्या.

त्या मूळच्या जामखेडकडच्या. कांदा मार्केटात कांदा निवडायच्या. नवरा वारलेला, मुलगा टेम्पो चालवतो, बहुतेक वेळ बाहेरगावी. आमचं औषध आठ-दहा दिवसांच्या फरकाने सुरू झालेलं. त्या बाकावर माझ्या शेजारी टेकायच्या आणि पदराने तोंड पुसत विचारायच्या, "काय बाई, आज किती भरलं?" म्हणजे वजन किती भरलं. माझं वाढलं की त्यांना आनंद, त्यांचं वाढलं की मी त्यांना चहा पाजायचे.

"तुमी मणका म्हनता व्हय?" एकदा हसत म्हणाल्या. "म्या तर समद्यास्नी सांगितलं, टीबी हाय म्हून. मुकादम म्हनला, मग लांब बसून निवड. बसले लांब. कांदा काय मला भीत न्हाई."

त्यांच्याइतकं नेमाने औषध घेणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मळमळ व्हायची, उलटी व्हायची, तरी कामावर जायच्या. कामावर गेलं नाही तर त्या दिवशीचा रोज बुडतो. केंद्रावर यायचं म्हणजेही अर्धा दिवस बुडायचा. तरी ठरल्या दिवशी बाकावर माझ्या आधी हजर.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढे त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं, ते वाचण्याआधी हे माहीत असावं.

खिडकीवर

चौथ्या महिन्यात एका सकाळी मी खिडकीवर गेले. आतला माणूस वर न बघता म्हणाला, "गोळ्या आलेल्या नाहीत."

"म्हणजे?"

"वरूनच आलेल्या नाहीत. स्टॉक नाही. चार दिवसांनी चौकशी करा."

"माझ्याकडे उद्यापुरत्याच आहेत."

"सगळ्यांचंच तसं आहे, ताई."

मला वाटलं, काहीतरी गैरसमज असेल. जी गोळी चुकवायची नाही म्हणून बोट वर करून सांगतात, ती संपतेच कशी? रोगी किती, रोज किती गोळ्या लागतात, हे तुमच्याकडे आहे ना? आमची नावं, पत्ते, वजनं, बँकेची खाती, सगळं घेतलंय तुम्ही. मी दोन दिवस उशिरा आले तर फोन करता. आणि गोळ्याच नाहीत तर कोण कुणाला फोन करतं?

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "मी रोज मागणी पाठवतेय. वरून एकच उत्तर येतंय, पाठवतो. मिळत असतील तर बाहेरून घ्या, मी लिहून देते."

"आणि नाही मिळाल्या तर?"

त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्यापुढे सरकवली.

"मॅडम, मध्येच सोडलं तर काय होतं ते तुम्हीच सांगितलंय मला."

"माहितीय मला," त्या एकदम चढ्या आवाजात म्हणाल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "मला माहितीय हो, ताई." तेव्हा मला कळलं की त्याही खिडकीच्या आपल्याच बाजूला उभ्या आहेत. खिडकीच्या पलीकडे कोण आहे ते मात्र आजतागायत कुणी मला दाखवलेलं नाही.

बाहेर बाकावर कलाबाई बसल्या होत्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "चार दिवसांनी म्हनला ना? येतील मग. सरकार हाय, खोटं कशाला बोलंल?"

दुकानं

संजय आणि मी त्या संध्याकाळी नगरची औषधांची दुकानं पालथी घातली. दिल्लीगेट, माळीवाडा, सावेडी. सगळीकडे तेच. "या सरकारी असतात, आम्ही ठेवत नाही." एका दुकानदाराने चिठ्ठी दोनदा वाचली आणि समजावून सांगितलं: केंद्रात एकाच गोळीत जी तीन औषधं असतात, ती बाहेर सुटी घ्यावी लागतात. त्यातलं एक त्याच्याकडे होतं, दुसरं नव्हतं. "फुकट मिळतात म्हणून बाहेर कुणी विकत घेत नाही, म्हणून आम्ही मागवत नाही. आता सगळेच आलेत मागायला."

"मग आहे ते एक तरी देऊन ठेवा," संजय म्हणाला.

"एकटं घेऊ नका, दादा. एकट्याने उलटं नुकसान होतं. तिन्ही पाहिजेत."

एका दुकानात सुट्या गोळ्या सापडल्या, पण भाव असा सांगितला की संजय पाकिटात बघत राहिला. छापील किमतीपेक्षा जास्त घेत होता तो. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "नका घेऊ मग. दुपारपासून सहाजण येऊन गेलेत." थोड्याच दिवसांपुरत्या घेतल्या. तेवढ्याला आमचा अख्ख्या महिन्याचा किराणा आला असता. आम्ही दोघं नोकरीवाले. आम्हाला तेवढं तरी जमलं. कांदा निवडणाऱ्या बाईला काय जमणार होतं?

चार दिवसांनी केंद्रावर गेले. आलेल्या नाहीत. पुन्हा चार दिवसांनी गेले. आलेल्या नाहीत. कलाबाई दर वेळी असायच्या, दर वेळी रोज बुडवून. तिसऱ्या खेपेला मी त्यांना माझ्यातल्या गोळ्या द्यायला लागले. त्यांनी माझी मूठ मिटवली. "तुजी तू खा, बाई. निम्मं निम्मं खाऊन दोघी बी मरू. तुजी लेक लहान हाय."

मग माझ्याही संपल्या.

तो पहिला रिकामा दिवस. ऋतुजाने दारातून विचारलं, "आई, खाल्ल्या का?" मी हात उघडून दाखवला. हात रिकामाच होता, खोटं काहीच नव्हतं. ती शाळेला गेली. मी छातीवर हात ठेवून बसले आणि आत काही हलतंय का ते ऐकत राहिले. औषध नाही म्हणजे ते जंतू आता उठत असतील, अंग झाडत असतील, असं वाटायचं. साधी शिंक आली तरी घाम फुटायचा. आजाराच्या पहिल्या दिवसांत मला मरणाची भीती वाटली होती. हे निराळं होतं. मी बरी होत होते आणि मला कुणीतरी परत ढकलत होतं.

कोपरगावची गाडी

माझा धाकटा भाऊ कोपरगावला साखर कारखान्यात आहे. आजाराचं त्याला सांगितलेलं नव्हतं, मणकाच सांगितला होता. आता गत्यंतर नव्हतं. फोन केला. तो चिडला. "चार महिने? चार महिने तू मला मणका सांगतेस?" मग म्हणाला, "गोळ्यांची नावं पाठव."

त्याने कोपरगाव, शिर्डी, राहाता असं सगळं पालथं घातलं. कामावरून सुटला की मोटारसायकल काढायची आणि दुकान दुकान विचारत जायचं. दोन दिवसांनी फोन आला, "ताई, मिळाल्या. तिन्ही. पाठवतो कशा?"

गोळ्या त्याच संध्याकाळी हव्या होत्या. कोपरगाव–नगर गाडीवर त्या दिवशी आमचे एक जुने ड्रायव्हर होते. रजेच्या अर्जावरून मला टीबी आहे हे डेपोत फुटलं होतं, आणि मी कामावर परतल्यापासून हे गृहस्थ कँटीनमध्ये माझ्या टेबलाला बसत नसत. मी भावाला म्हटलं, त्यांना काय आहे ते सांगू नकोस, नुसती पिशवी दे. पण भाऊ तापलेलाच होता. त्याने सरळ सांगितलं, "यात माझ्या बहिणीचं टीबीचं औषध आहे, मिळत नाही कुठं, पोचवता का?"

मी माळीवाडा स्टँडवर थांबले होते. गाडी लागली. ड्रायव्हर स्वतः खाली उतरले. पिशवी डिकीत नव्हती की केबिनमध्येही नव्हती, शर्टाच्या आत होती. बटण काढून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

"गरम इंजिनाजवळ ठिवली न्हाई," ते म्हणाले. "औषध हाय, म्हटलं खराब व्हईल." मग जरा घुटमळले. "सरकारी दवाखान्यात मिळत न्हाई व्हय?"

"नाही मिळत."

त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला ते सांगितलं नाही. पण इतक्या महिन्यांत माझ्या बाजूने कुणी दिलेली ती पहिली शिवी होती आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला पुन्हा फोन केला. कलाबाईंसाठीही बघ म्हटलं. त्यांचं वजन वेगळं, मात्रा वेगळी, चिठ्ठी आणून पाठवते म्हटलं. चिठ्ठी आणायला त्यांच्या खोलीवर गेले. खोलीला कुलूप होतं. घरमालकीण म्हणाली, "गेल्या गावाला. ताप येत होता परत. म्हणाल्या, तिथल्या दवाखान्यात बघते." फोन लागला नाही. पुढे कित्येक दिवस लागला नाही.

सोडलं म्हणतात

केंद्रावर गोळ्या हळूहळू येऊ लागल्या. आधी थोड्या थोड्या, मग पहिल्यासारख्या. मधले दिवस जणू झालेच नव्हते. डॉक्टरीणबाईंनी माझं औषध लांबवलं, शेवटी थुंकी पुन्हा तपासली, फोटो काढला. सगळं चांगलं आलं. खाजगीत घेतलेल्या गोळ्यांचे पैसे परत मिळतील असं कुणीतरी म्हणालं होतं. मी अजून वाट बघते आहे.

कलाबाईंबद्दल मी खिडकीवर विचारलं. आतला माणूस म्हणाला, "त्या ना? त्यांनी ट्रीटमेंट सोडली."

"सोडली?"

"हो. आल्याच नाहीत नंतर. लोक असंच करतात, ताई. जरा बरं वाटलं की सोडून देतात. मग आमच्यावर येतं."

मी माझ्या गाडीत दारू पिऊन चढणाऱ्यांना खाली उतरवलेलं आहे. पण त्या दिवशी मी खिडकीच्या गजांना धरून नुसती उभी राहिले.

कलाबाईंचा शोध त्यांच्या मुलामुळे लागला. त्याचा फोन आला. आईला मोठ्या दवाखान्यात ठेवलंय, तुमची आठवण काढते. मी गेले. वॉर्डच्या टोकाला खिडकीजवळची खाट. मी आधी ओळखलंच नाही. साध्या गोळ्या आता त्यांना लागू पडत नव्हत्या. मोठं औषध सुरू केलं होतं.

तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, मध्ये गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून असं झालं का? ते प्रामाणिक होते. म्हणाले, "खात्रीने नाही सांगता येणार. कदाचित जंतू आधीपासूनच सरावलेले असतील. कदाचित खंडामुळे असेल." खात्रीने सांगता येत नाही, म्हणून कुणाचीच चूक नाही. जबाबदारीसुद्धा त्या गोळ्यांसारखीच वरून येते म्हणतात आणि येत नाही.

कलाबाईंनी माझा हात धरला. हात हलका लागला. म्हणाल्या, "बाई, हितं समदे म्हनत्यात, म्या औषीद सोडलं. डाक्टर म्हनतो, शिस्टर म्हनती, माजा पोरगा बी म्हनाया लागलाय, आये, तू सोडलंस कशाला? तू व्हतीस ना तितं? सांग की त्यास्नी. म्या सोडलं न्हाई. म्या रोज जात व्हते."

मी सिस्टरला सांगितलं. त्यांच्या मुलाला बाहेर नेऊन सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला आणि मग लहान पोरासारखा आत गेला, आईच्या पायाशी बसला. तेच इथेही लिहिते आहे. कलाबाईंनी औषध सोडलं नाही.

त्या आज त्या मोठ्या औषधावर आहेत. कान वाजतात म्हणतात, पायाला मुंग्या येतात. वजन थोडं भरलंय. मी दर सुट्टीला जाते.

टाळ्या

काही महिन्यांनी मला फोन आला. टीबीच्या जनजागृतीचा कार्यक्रम आहे, बऱ्या झालेल्या रुग्ण म्हणून दोन शब्द बोला. संजय म्हणाला, जाऊ नकोस, तमाशा करशील. नणंदेच्या पोरीचं लग्न तोवर होऊन गेलेलं होतं, म्हणून मणक्याची भीड नव्हती. मी गेले.

मोठा मंडप, मोठा फलक, गुलाबाची फुलं. आरोग्य खात्याचे एक साहेब बोलले, रुग्णांनी औषध अर्धवट सोडू नये, शिस्त पाळावी. टाळ्या. मग माझं नाव पुकारलं.

मी सगळं सांगितलं. खिडकी, दुकानं, कोपरगावची गाडी, कलाबाई. कंडक्टरचा आवाज आहे माझा, माइक नसता तरी शेवटपर्यंत गेला असता. शेवटी म्हटलं, "शिस्त आम्ही पाळली. तुम्ही पाळली नाही." आणि खाली बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताईंनी आपल्या भावना फार प्रभावीपणे मांडल्या," आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. मला वाटलं, यापेक्षा मला हाकलून दिलं असतं तर बरं.

लोक नाश्त्याला उठले तेव्हा एक म्हातारी माझ्याजवळ आली. पारनेरकडची होती. सोबत सून, तोंडाला मास्क, अंगात काही नाही.

"ताई," म्हातारी हळूच म्हणाली, "तुमी ज्या गोळ्यांचं म्हनल्या ना, त्या कुठं मिळाल्या? आमच्याकडं अजून न्हाईत. लई दिस झालं. हिचं दूधपितं लेकरू हाय."

अजून नाहीत. इकडे मंडप, तिकडे गोळ्या नाहीत. मी सुनेचा हात धरला आणि दोघींना घेऊन सरळ साहेब पोहे खात होते तिथे गेले.

"हिला गोळ्या पाहिजेत," मी म्हटलं.

"मॅडम, आज कार्यक्रम आहे. यांना उद्या ऑफिसला यायला सांगा, आपण बघू."

"उद्या नाही. आत्ता. तोवर मी इथून हलत नाही आणि आवाजही खाली घेणार नाही."

चार माणसं वळून बघायला लागली. एकाने मोबाईल वर धरला. साहेबांनी ताटली खाली ठेवली, फोन लावला. मी शेजारीच उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अरे, तिकडं स्टोअरला किती पडून आहेत? … मग पाठवल्या का नाहीत? … गाडी नव्हती म्हणजे? बरं, आत्ता कुणाला तरी मोटारसायकलवर पाठव. हो, आत्ता."

मंडपाच्या खुर्च्या उचलून होण्याआधी एक माणूस गोळ्यांचा खोका घेऊन आला. पडून होत्या. गाडी नव्हती म्हणून पडून होत्या. एका फोनवर आल्या. माझ्या डोळ्यांसमोर कलाबाई बाकावर बसलेल्या दिसत होत्या, सरकार खोटं कशाला बोलेल म्हणणाऱ्या, आणि मला तो खोका साहेबांच्या अंगावर फेकावासा वाटत होता.

सुनेने पाकिटं मोजून पिशवीत घातली. म्हातारीचे डोळे भरून आले. "देवासारखं भेटलात, सायेब," म्हणत ती त्यांच्या पायाशी वाकायला लागली. साहेब हसत, ओशाळत "अहो, असू द्या, असू द्या" म्हणत होते, पण पाय मागे घेत नव्हते.

मी म्हातारीला दंडाला धरून सरळ उभी केली.

"मावशी," मी म्हटलं, "पाया पडू नका. या गोळ्या तुमच्याच होत्या."